उद्देशाच्या रकान्यातला आनंद

माझे जावई चित्रकार आहेत. असे सांगितले की लोक क्षणभर थांबतात आणि विचारतात, "हो, पण करतात काय?" पूर्वी मला या प्रश्नाचा राग यायचा. आता मी शांतपणे सांगते, की ते शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकांतली चित्रे काढतात. बेडकाचे जठर, फुलाचा उभा छेद, दाताची मुळे. मग लोकांना बरे वाटते. दाताला मुळे असतात हे सर्वांना मान्य आहे.

यजमान गेल्यावर मी लेकीकडे राहायला आले, त्याला सहा वर्षे झाली. लेक एका प्रयोगशाळेत रक्त तपासते. सकाळी साडेसातला जाते ती सहाला येते. म्हणजे दिवसभर घरात आम्ही दोघेच, सासू आणि जावई. माझी खोली आणि त्यांची कामाची खोली यांच्यामध्ये एक दार आहे आणि ते नीट लागत नाही. "उद्या बसवून देतो" असे ते सहा वर्षे म्हणत आहेत. फटीतून मला त्यांची खुर्ची, टेबलाचा एक कोपरा आणि खिडकी एवढे दिसते. बाकीचे ऐकू येते.

मी त्यांना जावईबापू म्हणते. पहिल्यांदा थट्टेने म्हटले, मग तेच चिकटले. ते मला आई म्हणतात, आणि फारच वैतागले तर आईसाहेब.

घरी बसून काम करणारा माणूस म्हणजे राजा, अशी एक समजूत आहे. साहेब नाही, हजेरी नाही, मनाला येईल तेव्हा उठावे. मी हे राज्य जवळून पाहिले आहे. नोकरदाराला एक साहेब असतो. जावईबापूंना एका वेळी पाच-सहा असतात आणि त्यांचे आपसात बोलणे नसते. मागच्या वर्षी पचनसंस्थेचे चित्र चालले होते, तेव्हाची गोष्ट. प्रकाशनाच्या कचेरीतून एका मुलीचा फोन आला. जावईबापू फोन स्पीकरवर ठेवून बोलतात, म्हणजे हात मोकळे राहतात.

"सर, पोट छान झालंय. फक्त आतडी जरा हसरी करता येतील का?"

"आतडी?"

"लहान मुलांचं पुस्तक आहे ना सर. घाबरायला नकोत."

जावईबापूंनी आतडी हसरी केली. मग समितीत कोणीतरी म्हणाले की हसणारी आतडी शास्त्रीय वाटत नाहीत. मग ओठ काढले, डोळे ठेवले. मग डोळे काढले, रंग बदलला. अकराव्या खेपेला पहिले चित्र पसंत पडले. त्या अकरा फाईलींना त्यांनी दिलेली नावे मी पाहिली आहेत. "शेवटचे", "अगदी शेवटचे", "शेवटचे म्हणजे शेवटचेच", आणि सर्वांत शेवटी नुसतेच "बघू".

साहेबांच्या वरचा साहेब म्हणजे कॉम्प्युटर. तो महिन्यातून एकदा आपणहून अपडेट होतो, आणि झाला की काहीतरी विसरतो. जावईबापू एका काळ्या पाटीवर खास पेनाने चित्र काढतात आणि ते समोर पडद्यावर उमटते. एका अपडेटनंतर पेन पाटीवर जिथे टेकवावे तिथून दोन बोटे डावीकडे रेघ उमटू लागली. दुरुस्त होईना. शेवटी जावईबापूच दोन बोटे उजवीकडे पेन टेकवायला शिकले. तीन आठवड्यांनी नवीन अपडेट आला, त्याने चूक सुधारली, आणि त्या दिवशी आमच्याकडच्या बेडकाचे हृदय शरीराबाहेर गेले.

हे सगळे सोसून स्वारी जागेवर होती. ती हलली ती कराच्या अर्जामुळे, आणि त्यात माझाही हात होता, म्हणून ही हकीकत मलाच लिहिली पाहिजे.

दरवर्षी तो अर्ज कॉम्प्युटरवर भरायचा असतो. तो वीस मिनिटांत भरला नाही तर आपोआप पुसला जातो. गेल्या वर्षी चौथ्यांदा भरताना त्यात एक नवीन रकाना निघाला. "सदर काम करण्यामागील उद्देश." जावईबापूंनी कर सल्लागारांना फोन लावला. हे गृहस्थ आमच्या घराचे अर्ज फार वर्षे बघतात. "काळजी करू नका" हे त्यांचे पालुपद आहे आणि ते ऐकले की आम्ही काळजीला लागतो.

"असेल ते लिहा हो," सल्लागार म्हणाले. "ते कोणी वाचत नाही. काळजी करू नका."

सोळा मिनिटे झाली होती. जावईबापूंनी दारातून मला विचारले, "आई, काय लिहू?"

"विचारलंय तर खरं लिहा," मी म्हटले.

"खरं म्हणजे काय?"

"का करता तुम्ही हे सगळं?"

त्यांनी टेबलाकडे पाहिले. समोर दाताची मुळे अर्धी झाली होती. मग जरासे लाजून म्हणाले, "तसं बघितलं तर आनंदासाठीच."

"मग तसं लिहा."

आमच्या शाळेतल्या सिस्टर सांगायच्या, कागदावर लिहिलेले खोटे तुमच्या आधी घरी पोचते. खरे लिहिले तर ते कुठे पोचते, हे त्यांनी सांगितले नव्हते.

ते बरोबर पोचले. चार महिन्यांनी खात्याचे पत्र आले. ज्याअर्थी आपण स्वतः नमूद केले आहे की सदर काम आनंदासाठी केले जाते, त्याअर्थी तो व्यवसाय नसून छंद असल्याचे दिसून येते. छंदावरचा खर्च उत्पन्नातून वजा करता येत नाही. सबब गेल्या तीन वर्षांत वजा केलेला सर्व खर्च, म्हणजे कॉम्प्युटर, पाटी, पेन, खोलीचे भाडे, वीज, रद्द धरून त्यावरचा कर दंडासह का वसूल करू नये, ते समक्ष येऊन सांगावे. छंदातून मिळालेले पैसे मात्र त्यांनी उत्पन्नात धरले होते. तेवढ्यापुरते खाते छंदाला कमी लेखत नाही.

लेकीने पत्र उभ्यानेच वाचले. मग बसून पुन्हा वाचले.

"आनंद?" ती म्हणाली. "तू आनंद लिहिलंस?"

"आई म्हणाल्या खरं लिहा."

"आई, तू?"

मी चष्मा पुसत होते.

लेक रागावली असती तर बरे झाले असते. तिने हिशेब केला. आकडा कागदावर लिहिला, त्याखाली दोन रेघा मारल्या, आणि कागद त्यांच्याकडे सरकवला.

"इतकी वर्षं मी तुला कधी नोकरी कर म्हटलं नाही. म्हटलं का?"

"नाही."

"पण हे भरायची वेळ आली तर म्हणावं लागेल. भावोजी थांबलेत."

भावोजी म्हणजे जावईबापूंचे थोरले भाऊ. ते पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहेत. तिथे खोक्यांवर चित्रे काढायला माणूस हवा होता. नऊ ते सहा, महिन्याच्या महिन्याला पगार, आजारपणाचा खर्च कारखान्याचा. त्यांनी आपल्या भावासाठी ती जागा शनिवारपर्यंत अडवून धरली होती. खात्याची तारीख होती गुरुवारची.

"कळतंय मला," जावईबापू म्हणाले, आणि उठून समितीकडून पुन्हा परत आलेल्या दाताच्या मुळांकडे गेले. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी माणूस बुटांच्या खोक्यावर बूट काढायला लागला तर त्यात कमीपणा काही नाही. पण त्या दिवशी त्यांनी ज्या हळुवारपणे ती मुळे पुरी केली, ते मी फटीतून पाहिले. दाताच्या डॉक्टरनेही दाताला इतके जपले नसते.

आता प्रश्न पुराव्याचा. कर सल्लागार घरी आले. काम धंदा म्हणून होते हे दाखवायला करार हवेत, पत्रव्यवहार हवा, रोज किती तास काम केले त्याची नोंद हवी.

"सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे," जावईबापू म्हणाले.

"मग काढा की."

"कॉम्प्युटर गेला."

तो पत्र आल्यानंतरच्याच अपडेटमध्ये गेला होता. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिला आणि म्हणाला, "साहेब, डेटा सगळा सुरक्षित आहे. फक्त मिळत नाही." जास्तीची प्रत ठेवायची अक्कल जावईबापूंना आहे. त्यांनी ती एका वेगळ्या डबीत ठेवली होती आणि तिला अवघड पासवर्ड घातला होता. पासवर्ड विसरू नये म्हणून कॉम्प्युटरमध्ये लिहून ठेवला होता. प्रकाशनाच्या कचेरीत दाखला मागितला, तर ती मुलगी म्हणाली की दाखला समितीपुढे ठेवावा लागेल, आणि समिती दीड महिन्याने बसते.

सल्लागार थोडा वेळ "काळजी करू नका" म्हणालेच नाहीत. मग म्हणाले, "तिऱ्हाइताने केलेली नोंद असली तरी चालते. पण रोजच्या रोज हवी, तारीखवार. आता अशी नोंद कोण ठेवतं हो?"

लेकीने माझ्याकडे पाहिले. "आई ठेवते," ती म्हणाली.

मी बाराव्या वर्षापासून डायरी लिहिते. वार, तारीख, हवा, काय घडले. विशेष काही घडत नाही, म्हणून जे घडते ते नीट लिहावे लागते. आणि सहा वर्षे माझ्यासमोर जे घडत होते ते दाराच्या फटीत घडत होते.

"त्यात खाजगी असतं," मी म्हटले.

"माझ्याबद्दल काय आहे त्यात?" लेकीने विचारले.

"काही नाही."

"म्हणजे आहे."

"आई," जावईबापू म्हणाले, "मी वाचणार नाही. नुसत्या द्या."

त्यांनी शब्द पाळला. मी सहा डायऱ्या पिशवीत घालून दिल्या आणि गुरुवारी सकाळी आम्ही त्या घेऊन निघालो, तोवर त्यांनी पिशवीची गाठ सोडली नव्हती. वाचल्या असत्या तर मी घरीच राहिले असते.

कचेरी तिसऱ्या मजल्यावर होती. लिफ्टवर "दुरुस्ती चालू आहे" अशी पाटी होती आणि पाटीवर धूळ. अधिकारी बाई चाळिशीच्या असतील. सर्दीने बेजार होत्या, नाक लाल, चष्मा डोक्यावर चढवलेला. टेबलाच्या एका बाजूला सल्लागार, मध्ये जावईबापू, कडेला मी. सल्लागारांनी सुरुवात केली, तसा बाईंनी हात वर केला आणि एक डायरी मधूनच उघडली.

"'मंगळवार. ढगाळ,'" त्या मोठ्याने वाचू लागल्या. "'जावईबापू पावणेदहाला बसले. दहाला कॉम्प्युटरशी भांडण. साडेदहाला पेन आपटले. पेन शाबूत, टेबलाला खळगा.'" त्यांनी पान उलटले. "'शुक्रवार. ऊन. आतडी सातव्यांदा परत आली. जावईबापू जेवले नाहीत. मी त्यांचा वाटा झाकून ठेवला. चारला मीच खाल्ला.'"

"आतडी?" त्यांनी वर पाहिले.

"पुस्तकातली," सल्लागार घाईने म्हणाले.

"'बुधवार. वारा. जावईबापू फोनवर पाऊण तास. फोनमधली बाई सांगते की आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. जावईबापू तिला म्हणाले की मग उचल. ती ऐकत नसावी.'" बाईंनी रुमाल नाकाला लावला. सर्दीमुळे, की आणखी कशामुळे, ते कळले नाही. मग त्यांनी दुसरी डायरी घेतली.

"'सोमवार. दिवसभर पाऊस. जावईबापूंनी आज काही केले नाही. खिडकीतून बघत बसले. लेकीच्या नशिबात काय वाढून ठेवले आहे देव जाणे.'"

जावईबापूंनी माझ्याकडे पाहिले. मी बाईंच्या टेबलावरच्या पेन्सिली मोजल्या. नऊ होत्या.

"हे 'काही केले नाही' बऱ्याच ठिकाणी दिसतंय," बाई पाने चाळत म्हणाल्या. "मंगळवारी तेच. बुधवारी तेच. या दिवशी काम नव्हतं असं धरायचं?"

"त्याचं असं आहे मॅडम," सल्लागार म्हणाले, पण कसे आहे ते त्यांना माहीत नव्हते.

जावईबापूंनी हात पुढे करून डायरी घेतली. तारीख पाहिली. तो मजकूर त्यांनी पुन्हा एकदा मनात वाचला, शेवटच्या वाक्यासकट. मग म्हणाले, "तेव्हा पाण्याच्या चक्राचं चित्र चाललं होतं. पाणी खाली येतं ते दाखवता येतं. वर जातं ते दिसतच नाही. सगळे तिथे बाण काढतात. मला बाण नको होते."

"मग काय केलंत?"

"बघत बसलो. गुरुवारी सुचलं."

"तीन दिवस खिडकीत?"

"हो. आईंना ते काही न केल्यासारखं दिसलं असणार. चूक नाही त्यांची. मलाही तसंच वाटत होतं."

मी सहा वर्षांच्या मुलीसारखी ओशाळले. त्या तीन दिवसांत मी त्यांना चहासुद्धा जरा आदळूनच दिला होता.

"याला आमच्याकडे रकाना नाही," बाई म्हणाल्या, आणि तरीही कुठेतरी काहीतरी लिहिले. "पण मग मला हे सांगा. तुम्ही उद्देश 'आनंद' असा लिहिलात. या वह्यांत पेन आपटणं आहे, उपास आहेत, फोनशी भांडण आहे. आनंद मला कुठे दिसला नाही."

"असतो तो," जावईबापू म्हणाले.

"कुठे?"

मी म्हटले, "शीळ घालतात, तेव्हा मी लिहून ठेवते."

मग आम्ही शीळ शोधली. बाईंनी दोन डायऱ्या घेतल्या, सल्लागारांनी दोन, मी दोन. बाहेर नंबर लावून बसलेल्या लोकांची चुळबुळ ऐकू येत होती. पाऊण तासात तीन सापडल्या. एक फुलपाखराच्या पंखाच्या वेळची, एक पाण्याच्या चक्राच्या गुरुवारची, आणि एक अशी, जिचे कारण मी लिहिलेले नव्हते.

"सहा वर्षांत तीन," बाई म्हणाल्या.

"आणखी असतील," जावईबापू म्हणाले. "दुपारी आई झोपतात, तेव्हाच्या धरल्या तर—"

सल्लागारांनी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. मला तो दिसला.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "हे बघा. छंद असता ना, तर माणसाने तो पहिल्याच वर्षी सोडून दिला असता. इतका मनस्ताप करून घेऊन जो रोज पावणेदहाला पुन्हा तिथेच जाऊन बसतो, तो धंदाच करत असणार. दुसरं काही कारण मला तरी दिसत नाही." त्यांनी कागदावर लिहिले आणि लिहिता लिहिता वाचून दाखवले. "उद्देश, उपजीविका. आनंद, आनुषंगिक. करा सही."

जावईबापूंनी "आनुषंगिक" या शब्दाकडे जरा जास्तच वेळ पाहिले. मला धास्ती वाटली की आता ते वाद घालणार. पण सल्लागारांचा पाय अजून तिथेच होता. त्यांनी सही केली.

जिने उतरताना ते पुढे, मी कठडा धरून मागे. पहिल्या मजल्यावर ते थांबले.

"नशिबात काय वाढून ठेवलं आहे," ते म्हणाले.

"रागाच्या भरात लिहिलं होतं."

"नाही, बरोबर आहे. मलाही कधी कधी वाटतं." आणि त्यांनी पिशवी माझ्या हातातून घेतली.

लेक त्या दिवशी लवकर घरी आली होती. खर्च मान्य झाला, दंड नाही, हे तिने ऐकले. हिशेबाचा कागद काढला, चार तुकडे केले, आणि कणभर हसून भांडी घासायला लागली. हे काम तिच्या वाटणीचे नाही.

जावईबापूंनी भावाला फोन लावला, नेहमीप्रमाणे स्पीकरवर.

"दादा, मी काही येत नाही."

"म्हणजे सुटलास?"

"हो. धंदा आहे असं त्यांनी लिहून दिलं."

"वा, वा. झालं बाबा एकदाचं." दादा मनापासून खूश झाले होते, ते आवाजावरून कळत होते. "मग आता एक कर. ती जागा भरेपर्यंत एका बुटांच्या खोक्यावर हरीण काढून दे मला. पळणारं. तुझा हात बसलेला आहे, पाच मिनिटांचं काम."

या दादांच्या दारावरची पाटी जावईबापूंनी केली आहे. त्यांच्या व्याह्यांच्या दुकानाची पाटी केली आहे. त्यांच्या नातवाच्या वाढदिवसाची कार्डे तीन वर्षे केली आहेत, आणि दुसऱ्या वर्षी त्यावरचा हत्ती दादांनी बदलून घेतला होता. पैशाचा विषय कधी निघाला नाही. एका आईच्या पोटच्या माणसांत तो कसा निघणार.

"काढतो," जावईबापू म्हणाले. मी मान खाली घातली. "बिल पाठवतो."

"कुणाचं बिल?"

"माझं."

"अरे, घरचं काम आहे."

"घरचं म्हटलं की छंद होतो, दादा. ते आता चालत नाही. कायद्यानेच."

लेक नळ बंद करून, ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली.

"बरं," दादा शेवटी म्हणाले. "काही कमी करशील की नाही?"

जावईबापूंनी लेकीकडे पाहिले. लेकीने मान हलवली.

"नाही," ते म्हणाले.

फोन ठेवल्यावर त्यांनी एका कागदावर 'बिल' असे लिहिले. मग आम्हा दोघींकडे वळून म्हणाले, "पळणाऱ्या हरणाचे किती घेतात गं?"

ते आम्हा तिघांपैकी कोणालाच माहीत नव्हते.